पालकाचा स्वभाव आणि पाल्याचे संगोपन : धम्माच्या आरशातून

भेटीच्या रविवारी वसतिगृहाच्या फाटकापाशी तासभर उभे राहिले, तर मानवी स्वभावाचे एक संपूर्ण प्रदर्शनच पाहावयास मिळते. एखादी माउली आल्याबरोबर डबा उघडून लेकराला भरवू लागते. अभ्यासाचे नावही काढीत नाही. एखादे वडील मोटारसायकलवरून उतरण्यापूर्वीच गणिताचे गुण विचारतात. कुणी मुलाशेजारी झाडाखाली बसून राहतात, दोन-चार शब्दांपलीकडे बोलत नाहीत. मात्र पुढल्या भेटीला न चुकता येतात. कुणी अधीक्षकांना गाठून इतके प्रश्न विचारतात की, मुलाशी बोलावयास वेळच उरत नाही. ही सारी कष्टाची माणसे आहेत. कुणी सोमेश्वर वा माळेगावच्या साखर कारखान्यावर हंगामी कामगार, कुणी बारामतीच्या एमआयडीसीत पाळ्यांत काम करणारे, कुणी नीरा डाव्या कालव्याकाठच्या उसात रोजाने राबणारे. कुणी अंगणवाडी सेविका, कुणी एसटीत वाहक, कुणी आमच्यासारखे शिक्षक. लेकराविषयीची तळमळ सर्वांची सारखी. पण ती व्यक्त करण्याची रीत प्रत्येकाची वेगळी.

ही रीत येते कोठून? परिस्थितीतून येते, हे खरे; परंतु एकाच पाळीत, एकाच पगारावर काम करणारे दोन शेजारी आपापल्या मुलांशी अगदी भिन्न वागतात, तेव्हा केवळ परिस्थितीचे उत्तर अपुरे पडते. तेथे पालकाचा स्वभाव बोलत असतो. पाल्याच्या स्वभावाविषयी आपण पुष्कळ बोलतो. ‘पोरगं हट्टी आहे’, ‘पोरगी अबोल आहे’, ‘याला धाक पाहिजे’ अशी वाक्ये पालकसभेत नेहमी ऐकू येतात. पालकाचा स्वतःचा स्वभाव मात्र चर्चेला येत नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विषय वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

आधुनिक मानसशास्त्र काय सांगते?

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अंतर्मुख व बहिर्मुख ही विभागणी जगभर रूढ झाली. पुढे अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी त्याच विचाराच्या आधारे माणसांचे सोळा प्रकार मांडणारी चाचणी तयार केली. आज अनेक कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत ती घेतली जाते. मात्र तीच व्यक्ती काही आठवड्यांनी पुन्हा चाचणीस बसली, तर पुष्कळदा वेगळ्याच प्रकारात पडते, असा आक्षेप अभ्यासकांनी तिच्यावर घेतला आहे. म्हणून हल्लीचे संशोधक माणसाला एखाद्या खान्यात बसविण्याऐवजी त्याच्यातील गुणांचे कमी-अधिक प्रमाण पाहतात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरे एक संशोधन अधिक मोलाचे आहे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दाम्पत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे लहान मुलांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. ज्या वर्षी नागपूरच्या भूमीवर आपल्या समाजाने धम्मदीक्षा घेतली, तेच हे वर्ष. मुले जन्मापासूनच वेगवेगळ्या वृत्तीची असतात, असे त्यांना आढळले. काही सहज रुळणारी, काही सांभाळावयास कठीण, काही हळूहळू खुलणारी. परंतु त्यांचा खरा निष्कर्ष याच्या पुढचा होता. मुलाचे भले त्याच्या एकट्याच्या वृत्तीवर ठरत नाही. ती वृत्ती आणि भोवतालच्या माणसांच्या अपेक्षा यांची जुळणी कशी होते, यावर ते अवलंबून असते. हळूहळू खुलणाऱ्या मुलीला घाई करणारे वडील लाभले, तर ती मिटत जाते. तीच मुलगी वाट पाहणाऱ्या आजीपाशी मोकळी होते. मुलगी बदललेली नसते, जुळणी बदललेली असते.

जे बेल्स्की या अभ्यासकाने १९८४ मध्ये संगोपन घडविणारे तीन घटक सांगितले : पालकाचे व्यक्तिमत्त्व, मुलाची वृत्ती आणि भोवतालचे ताण व आधार. यांतील तिसऱ्या घटकात नोकरी, सोबती, शेजार हे सारे येते. या तिन्हींचा विचार आपण पुढे करणार आहोत. तत्पूर्वी आपल्याच परंपरेतील एका जुन्या ग्रंथाकडे वळले पाहिजे.

विसुद्धिमग्गातील सहा चरिते

इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ रचला. ध्यानाचा विषय देण्यापूर्वी आचार्याने शिष्याचा स्वभाव ओळखावा, असे त्यात सांगितले आहे. त्या स्वभावाला तेथे ‘चरिया’ म्हटले असून त्याचे सहा प्रकार केले आहेत : रागचरित, द्वेषचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित. पालीतील ‘राग’ म्हणजे संताप नव्हे, आसक्ती होय, हे मराठी वाचकाने येथे ध्यानात ठेवावे. संताप द्वेषचरितात येतो.

हा स्वभाव ओळखावा कसा? बुद्धघोषांनी अगदी रोजच्या कामांचे दाखले दिले आहेत. माणूस चालतो कसा, जेवतो कसा, झोपेतून उठतो कसा, अंगण झाडतो कसा! आसक्त वृत्तीचा माणूस झाडू नीट धरतो, घाई न करता, वाळू न उधळता एकसारखे झाडतो. द्वेषवृत्तीचा माणूस झाडू घट्ट आवळतो, खरखर आवाज करीत घाईने दोन्ही बाजूंना वाळू उडवितो. अंगण मात्र स्वच्छ होत नाही. मोहवृत्तीचा माणूस झाडू सैल धरतो आणि वाळू नुसती इकडची तिकडे करतो. वसतिगृहात पहाटे अंगण झाडण्याची पाळी ज्यांनी ज्यांनी केली आहे, त्या माजी विद्यार्थ्यांना हे वाचून आपले सोबती खचित आठवतील.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, बुद्धघोषांनी या सहा चरितांच्या तीन जोड्या लाविल्या आहेत. आसक्तीची जोडी श्रद्धेशी, द्वेषाची बुद्धीशी आणि मोहाची वितर्काशी. आसक्त मन सुखाला धरून ठेवते, श्रद्धावान मन शीलाला धरून ठेवते. धरून ठेवणे दोहोंत समान आहे. द्वेषी मन नसलेले दोष शोधते, प्रज्ञावान मन असलेले दोष शोधते. शोधक दृष्टी दोहोंत समान आहे. मोहाने गोंधळलेले मन आणि तर्कात धावणारे मन, दोन्ही अस्थिर. म्हणजेच स्वभावाचा मूळ प्रवाह तोच राहतो, त्याला वळण देता येते. उसाच्या रानात पाणी वाट मिळेल तिकडे जाते. सरीत घातले की पीक येते. स्वभावाचेही तसेच आहे.

नोकरी करणारा पालक आणि त्याचे चरित

हा ग्रंथ भिक्खूंसाठी लिहिलेला. परंतु दिवसभर राबून संध्याकाळी घरी परतणाऱ्या पालकाला तो तंतोतंत लागू पडतो. वेळ मुबलक असतो तेव्हा माणूस विचार करून वागतो. वेळ आणि अंगातील बळ संपले की तो स्वभावानुसार वागतो. थकवा स्वभावाला उघडे पाडतो, म्हणूनच नोकरदार पालकाने आपले चरित ओळखणे अधिक निकडीचे ठरते.

आसक्त वृत्तीचा पालक मुलाला वेळ देता येत नाही, या टोचणीपोटी वस्तू देतो. मागितला तो मोबाईल, मागितले ते बूट. त्याला ‘नाही’ म्हणवत नाही, कारण लेकराच्या डोळ्यांतील पाणी त्याला सोसवत नाही. द्वेषवृत्तीचा पालक कामावरील बोलणी घरी आणतो. मुलाने केलेल्या दहा गोष्टींतील चुकलेली एकच त्याच्या नजरेत भरते. मोहवृत्तीचा पालक ‘आपल्याला काय कळतंय, सर बघतील’ म्हणून सारे शाळेवर सोपवितो. इयत्ता कोणती, हेही कधी कधी त्याला आठवावे लागते. श्रद्धावान पालक मुलाला विहारात नेतो, त्रिसरण-पंचशील शिकवितो, त्याला वळण लावतो. पण मुलाने उलट प्रश्न विचारला की गोंधळतो. बुद्धिप्रधान पालक वेळापत्रक आखतो, गुणांची तुलना करतो. मुलाबरोबर निरर्थक हसणे-खेळणे मात्र त्याला वेळेचा अपव्यय वाटते. आणि वितर्की पालक जूनमध्ये मुलाला डॉक्टर करावयाचे ठरवितो, दिवाळीत स्पर्धा परीक्षेची चौकशी करतो, उन्हाळ्यात सैनिकी शाळेचा अर्ज आणतो.

हे वाचताना प्रत्येकाला शेजारी आठवेल. आम्ही मात्र येथे स्वतःचाच दाखला देतो. दिवसभर वर्गात चुका काढून घरी आलेलो आम्ही आपल्या मुलाच्या वहीतही लाल शाईच शोधीत असू. त्याने एकदा शांतपणे म्हटले, “पप्पा, घरी तरी सर नका होऊ.” त्या वाक्याचा अर्थ कळावयास आम्हांस दोन वर्षे लागली. पुढे विसुद्धिमग्गातील द्वेषचरिताचे वर्णन वाचले, तेव्हा ते कुणी आमच्याकडे पाहूनच लिहिले असावे, असे वाटले.

दोन वडील : सुभेदार रामजी आणि धर्मानंद कोसंबी

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस महाराष्ट्रातील दोन पालकांची चरित्रे या संदर्भात फार बोधप्रद वाटतात. एवढ्या थोर माणसांना कुठल्या एका खान्यात बसविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. त्यांच्या वागण्यातून शिकू मात्र शकतो.

पहिले सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. सैन्यातील शाळेत ते मुख्याध्यापक होते. शिस्त आणि कबीरपंथी भक्ती, दोन्ही त्यांच्या अंगी मुरलेल्या. १८९६ मध्ये भीमाबाई निवर्तल्या आणि लहानग्या भीमरावांचा सांभाळ वडील व आत्या यांच्यावर आला. पुढे परळच्या चाळीतील एका खोलीत कुटुंब राहू लागले, तेव्हा मुलाला लवकर झोपवून रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवीत आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागी स्वतः अंग टाकीत. पुस्तकाला पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत. परंतु पुस्तक आणीत. शिस्तीला स्वतःच्या झोपेची किंमत मोजणारा हा बाप होता, म्हणून ती शिस्त मुलाला जाचक झाली नाही.

पण याच पित्याची दुसरी बाजूही बाबासाहेबांनी नोंदवून ठेविली आहे. रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. आपण अस्पृश्य म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येऊ नये, द्रोण-कर्णासारख्यांची उदाहरणे त्यांच्यापुढे असावीत, हा त्यामागील हेतू. भीमरावांना ते पटले नाही. त्या ग्रंथांतील थोर पुरुष आपणास आवडत नाहीत, असे त्यांनी वडिलांना सांगितले. रामजी गप्प राहिले. श्रद्धावान बापापुढे मुलाने प्रश्न ठेवला आणि बापाने काठी उगारली नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिले. ज्या मनाला घरी प्रश्न विचारण्याची मुभा होती, त्या मनात ते बीज रुजले.

दुसरे धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळचे हे ज्ञानपिपासू गृहस्थ १८९९ मध्ये पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून बुद्धाच्या शोधात घराबाहेर पडले. नेपाळ, बोधगया, सिंहल, ब्रह्मदेश असा प्रवास करून ते पालीचे थोर पंडित झाले. ज्या विसुद्धिमग्गाविषयी आम्ही लिहीत आहोत, त्याच्या संशोधित आवृत्तीचे काम त्यांनीच हार्वर्ड विद्यापीठात केले. माणसाच्या सहा चरितांची ओळ न् ओळ तपासणारा हा विद्वान स्वतः मात्र आपल्या कन्येच्या बालपणी दूर होता. आज नोकरीपायी दूर राहणाऱ्या बापाची टोचणी या घटनेत आपल्याला दिसू शकते.

परंतु कथा येथे संपत नाही. १९१२ पासून धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेस निघाले, तेव्हा कन्या माणिक व पुत्र दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. तोच दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचा पदवीधर झाला आणि पुढे गणितज्ञ व इतिहासकार दा. ध. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाला नवी दृष्टी देणारा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये निघाला, एम.ए.ला असताना तो आम्ही भारावून वाचला. तात्पर्य, ज्ञानासाठी घर सोडणाऱ्या स्वभावाने पुढे मुलांनाच ज्ञानाच्या वाटेवर सोबत घेतले. स्वभाव तोच, वळण निराळे.

आणि या दोघांबरोबर माता रमाईंचे स्मरण केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. बाबासाहेब १९२० ते १९२३ या काळात लंडनला असताना मुंबईत तुटपुंज्या पैशांत घर आणि लेकरू त्यांनी सांभाळले. मुले दगावल्याचे दुःखही त्यांच्या वाट्याला पुनःपुन्हा आले. पाकिस्तानविषयक आपला ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला आणि मित्रहीन, हलाखीच्या दिवसांत तिने सोसलेल्या कष्टांची कृतज्ञ नोंद त्यात केली. एक पालक ग्रंथांत आणि चळवळीत गुंतलेला असताना दुसऱ्याचा शांत, सोशिक स्वभाव घराला धरून ठेवतो. मात्र हा भार दरवेळी आईनेच वाहावा, असा अर्थ आजच्या नोकरदार बापांनी यातून काढू नये. बाबासाहेबांनी कृतज्ञता लिहून ठेवली. आपणास निदान घरातील कामाचा वाटा उचलता येईल.

स्वभाव म्हणजे वर्ण नव्हे

येथे एक धोक्याची सूचना देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. माणसांचे प्रकार पाडणे ही आपल्या देशात साधी गोष्ट नाही. गुणांवरून वर्ण ठरतो, असे सांगून हजारो वर्षे माणसाला माणसाखाली दाबण्यात आले. १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि ती परिषद रद्द झाल्यावर स्वतः छापलेल्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी याच कल्पनेवर घाव घातला. चातुर्वर्ण्याचे समर्थक ते जन्माऐवजी गुणांवर आधारू पाहत होते. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे असे की, माणसांना मोजक्या ठरीव वर्गांत कोंबणे हा मनुष्याकडे पाहण्याचा अत्यंत वरवरचा दृष्टिकोन आहे. माणसामाणसांतील गुणांची विविधता इतकी अफाट आहे की, चार खाने तिला पुरणार नाहीत. प्लेटोच्या तीन वर्गांनाही त्यांनी हाच आक्षेप लागू केला.

मग बुद्धघोषांचे सहा प्रकार तरी का मानावेत? यातील फरक मूलभूत आहे. वर्ण माणसाला जागा नेमून देतो आणि तेथून हलू देत नाही. चरित माणसाला उपाय नेमून देते आणि त्याने बदलावे, अशी अपेक्षा ठेवते. वर्ण कोण श्रेष्ठ ते सांगतो. चरित कोणाला कोणते पथ्य मानवेल ते सांगते. शिवाय बुद्धघोषांनी स्वतःच प्रांजळपणे लिहिले आहे की, स्वभाव ओळखण्याच्या या खुणा मूळ वचनांत वा अट्ठकथांत संपूर्ण आलेल्या नाहीत, त्या आचार्यांच्या मताप्रमाणे दिलेल्या आहेत आणि त्यांनाच सर्वस्व मानू नये; कारण प्रयत्नपूर्वक वागणाऱ्या द्वेषवृत्तीच्या माणसातही त्या खुणा बदललेल्या दिसू शकतात. दीड हजार वर्षांपूर्वीची ही विवेकी सावधगिरी आजच्या सोळा खान्यांच्या चाचण्यांनीही शिकण्यासारखी आहे.

म्हणून पालकांना विनंती अशी की, ‘हा मुलगा मठ्ठच’, ‘ही पोरगी तापटच’ असे शिक्के मारू नयेत. शिक्के किती खोल जातात, हे आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक आहे?

स्वभावाच्या पलीकडले

सारे काही पालकाच्या स्वभावावर ढकलणे हाही अन्यायच. १९०१ साली रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर नोकरीस होते. सुट्टीत मुलांनी आपल्याकडे यावे म्हणून त्यांनी बोलाविले. भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. न्यावयास कुणी आले नव्हते. मुले महारांची आहेत, हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही गाडी हाकावयास तयार होईनात. अखेर मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवान पायी चालला. रात्रभर त्यांना प्यावयास पाणी मिळाले नाही. मुलांचे पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. शिपाई ते द्यावयास विसरला होता. रामजींइतका दक्ष पालकही नोकरीमुळे दूर होता, एका विसराळू शिपायावर अवलंबून होता आणि त्याच्या मुलांची वाट जातीच्या भिंतीने अडविली होती. लेकराचे दुःख पाहून आधी पालकाला दोष देणाऱ्यांनी मसूरचे हे स्थानक आठवावे.

आजही दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. बीड, नगर या जिल्ह्यांतून उचल घेऊन आलेली जोडपी पहाटेच्या काळोखात कोयता घेऊन फडात जातात आणि वाढे बांधून, गाडी भरून रात्री कोपीवर परततात. त्या आईबापांना ‘मुलाशी रोज संवाद साधा’ असा उपदेश करणे म्हणजे त्यांची थट्टा आहे. त्यांच्यासाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृह आणि निवासी शाळा हाच संगोपनाचा आधार. आपले मूल निवासी शाळेत ठेवणारा पालक जबाबदारी टाळतो, असे काही लोक म्हणतात. आमचा इतक्या वर्षांचा अनुभव याच्या उलट आहे. पाठीवरचा कोयता लेकराच्या पाठीवर जाऊ नये म्हणून ताटातूट सोसणे ही संगोपनाची फार कठोर रीत आहे.

पथ्य आणि आरसा

तर मग पालकाने करावे काय? बुद्धघोषांनी प्रत्येक चरिताला वेगळे पथ्य सांगितले आहे. द्वेषवृत्तीच्या साधकाला त्यांनी मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चार भावना-साधने दिली. विशेष म्हणजे त्याला राहावयास नीटनेटकी, प्रसन्न जागा द्यावी, असेही म्हटले. संतापी माणसाला आणखी गैरसोय देऊन सुधारता येत नाही, हे त्यांनी जाणले होते. आमच्या भाषेत सांगायचे तर, पाळी करून आलेल्या तापट बापाने आधी हातपाय धुवावेत, चहा घ्यावा, थोडे बसावे आणि मगच मुलाची वही उघडावी. दोष शोधण्याची त्याची नजर मोडावयाची नाही. तिला खऱ्या दोषावर, आणि दोषाबरोबर गुणावरही, लावावयाचे आहे.

मोह आणि वितर्क या वृत्तींना आनापानसती, म्हणजे श्वासावरील स्मृती सांगितली आहे. अस्थिर मनाला एक खुंटी हवी. अशा पालकाने भेटीचा दिवस, फोनची वेळ, वर्षाचा एक निर्णय असे थोडेच ठरवावे, पण ते मोडू नये. आसक्त वृत्तीला बुद्धघोषांनी साधी, सजावट नसलेली जागा सुचविली. तेव्हा वस्तूंचा मारा करणाऱ्या पालकाने रिकाम्या हाताने यावे आणि पूर्ण तास द्यावा. श्रद्धावान पालकाने मुलाच्या प्रश्नापुढे रामजींसारखे थांबावे. बुद्धिप्रधान पालकाने गुणपत्रिका घरी ठेवून एखादा रविवार नुसता खेळण्यात घालवावा.

चार ब्रह्मविहारांसाठी विसुद्धिमग्गात एका आईचा सुंदर दृष्टान्त आहे. तिला चार मुले : एक तान्हे, एक आजारी, एक ऐन तारुण्यात आलेले आणि एक आपल्या उद्योगाला लागलेले. तान्हे वाढावे, असे तिला वाटते, ती मैत्री. आजारी बरे व्हावे वाटते, ती करुणा. तरुणाचे सुख टिकावे वाटते, ती मुदिता. आणि जो आपल्या कामात रमला आहे, त्याची ती उगाच चिंता करीत बसत नाही, ती उपेक्षा. उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. योग्य वेळी हात सोडणे होय. आपल्यातील पुष्कळांना पहिल्या दोन भावना सहज साधतात. मुलाच्या आनंदात मनापासून आनंदी होणे आणि मोठे झाल्यावर त्याला मोकळे सोडणे मात्र जड जाते. कारण आपल्या पिढीने मुलांत केवळ मुले पाहिली नाहीत, आपले अपुरे राहिलेले शिक्षणही पाहिले. ‘आम्हाला मिळालं नाही, तू तरी शिक’ या वाक्यात प्रेम आहे, तसेच ओझेही आहे.

शेवटी तथागतांनी पिता म्हणून काय केले, ते पाहू. मज्झिमनिकायातील अंबलट्ठिक-राहुलोवाद सुत्तात तथागत राहुलाला भेटावयास येतात. राहुल आसन मांडतो, पाय धुवावयास पाणी ठेवतो. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून तथागत असत्य बोलण्याविषयी त्याला समजावितात. प्रवचन नाही, दरडावणे नाही. समोरचे भांडेच पाठ होऊन जाते. मग ते विचारतात, आरसा कशासाठी असतो? राहुल सांगतो, पाहण्यासाठी. त्यावर उपदेश असा की, काया, वाचा व मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पारखून पाहावे : यातून मला, दुसऱ्याला वा दोघांनाही दुःख होते काय? सम्राट अशोकाला हा राहुलोवाद इतका महत्त्वाचा वाटला की, बैराट येथील शिलालेखात भिक्खू व उपासकांनी ऐकावयाच्या धम्मवचनांच्या यादीत त्याने त्याचा नावानिशी उल्लेख केला.

उपदेश राहुलाला आहे. पण आम्हांस वाटते, तो प्रत्येक पालकाने आधी स्वतःला करावा. मुलावर हात उगारण्यापूर्वी, उगारताना आणि उगारून झाल्यावर. मोबाईल हाती देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर. ‘सर बघतील’ म्हणण्यापूर्वी आणि म्हटल्यानंतर आरशात पाहावे. त्या आरशात मुलाचा दोष दिसण्याआधी आपले चरित दिसेल. ते दिसले की त्याला वळण देणे आपल्या हाती येते.

आमचा मुलगा आता नोकरीला आहे. परवा फोनवर त्याने आपल्या लेकीविषयी तक्रार केली, “फार हळू लिहिते हो.” आम्ही म्हटले, “वाट पाहा.” तो हसला. त्याला जुनी लाल शाई आठवली असावी. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज स्वतः पालक झाले आहेत. फाटकाच्या आत उभे असलेले आता फाटकाबाहेर डबा घेऊन उभे राहतात. त्यांनी आपल्या आईबापांच्या स्वभावाला करुणेने समजून घ्यावे आणि स्वतःच्या स्वभावाला प्रज्ञेने वळवावे. शाळेच्या या स्मरणिकेतून एवढेच त्यांच्यापर्यंत पोहोचावे, ही मंगल कामना.

जयभीम! नमो बुद्धाय!